सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ऑनर्स पदवी शिक्षण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ऑनर्स पदवी शिक्षण म्हणजे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांच्या संदर्भात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेला चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा पदवी अभ्यासक्रम होय. तीन वर्षे पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यास नेहमीची पदवी मिळते. चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्यास 'ऑनर्स' पदवी मिळते, आणि चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प व प्रबंध पूर्ण करणाऱ्यास 'संशोधनासह ऑनर्स' अशी पदवी दिली जाते. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून प्रथम वर्षाला लागू झाले. त्यामुळे त्या वर्षी प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षास पात्र ठरते. विद्यापीठांचे विभाग व स्वायत्त महाविद्यालये यांनी त्याआधी एक वर्ष, २०२३-२४ मध्ये, ही रचना स्वीकारली.

चौथे वर्ष, विशेषतः संशोधनासह ऑनर्स, प्रत्येक महाविद्यालयात आपोआप सुरू होत नाही. त्या विषयाच्या विभागात मान्यताप्राप्त मार्गदर्शक, ग्रंथालय व प्रयोगशाळा असणे आवश्यक असते. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या आणि लहान तुकड्या असलेल्या जिल्ह्यात हा नियम निर्णायक ठरतो. विद्यार्थ्याने चौथे वर्ष घराजवळ करावे की मुंबई, कोल्हापूर अथवा गोवा गाठावे, हे बहुतांशी त्याच्या विषयाच्या विभागावर अवलंबून राहते.

संज्ञा

'ऑनर्स' या शब्दाचा अर्थ देशोदेशी सारखा नाही आणि त्यामुळे विद्यार्थी व पालक यांच्यात पुष्कळ गोंधळ आढळतो. ऑक्सफर्ड विद्यापीठात १८०० सालच्या परीक्षा नियमांपासून गुणवत्तेनुसार वर्गवारी करण्यासाठी हा शब्द रूढ झाला. ब्रिटनमध्ये आजही प्रथम, द्वितीय अशा श्रेणींतील पदवीला ऑनर्स म्हणतात. अमेरिकेत ऑनर्स कार्यक्रम म्हणजे महाविद्यालयातील निवडक विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट होय. लहान चर्चावर्ग, अधिक वाचन आणि शेवटच्या वर्षी प्रबंध ही त्याची ओळख असते. पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयात फ्रँक आयडेलॉट यांनी १९२२ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम हा या पद्धतीचा नमुना मानला जातो. दिल्ली व कोलकाता येथील विद्यापीठांत ऑनर्स म्हणजे पहिल्या वर्षापासून एका विषयाचा सखोल अभ्यास, असा अर्थ दीर्घकाळ होता.

महाराष्ट्रात सध्या या शब्दाला चौथा अर्थ आला आहे. येथे ऑनर्स ही मुख्यतः कालावधी व श्रेयांक यांवरून ठरणारी पदवी आहे. साध्या ऑनर्ससाठी गुणवत्तेची वेगळी चाळणी नाही; ती केवळ संशोधनासह ऑनर्ससाठी आहे. म्हणून अमेरिकी अर्थाने 'ऑनर्स' म्हणता येईल असा अभ्यासक्रम महाराष्ट्रात संशोधनासह ऑनर्स हाच ठरतो. अभियांत्रिकी शाखेत हा शब्द आणखी वेगळ्या अर्थाने येतो. तेथे नेमून दिलेल्या श्रेयांकांपेक्षा जादा श्रेयांक मिळवणाऱ्यास ऑनर्स दिला जातो. प्रस्तुत लेख कला, वाणिज्य व विज्ञान शाखांपुरता मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये तेथून पहिली पदवीधर तुकडी बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे यांच्यासोबत त्या तुकडीत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकरांचा जन्म १८३७ मध्ये मालवण येथे झाला. शालेय शिक्षण रत्नागिरीस आणि महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात, असा त्यांचा मार्ग होता. पुढे प्राच्यविद्येचे अभ्यासक म्हणून त्यांची ख्याती झाली व १८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. मालवण किनाऱ्यावरील विद्यार्थ्याने उच्च शिक्षणासाठी घाट चढावा अथवा मुंबईस जावे, ही रीत त्यांच्यानंतरही सुमारे एक शतक चालू राहिली. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय (१८८०) आणि पुढे रत्नागिरीचे आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय (१९४५) ही त्यातल्या त्यात जवळची ठिकाणे होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई विद्यापीठ बी.ए. (ऑनर्स) ही पदवी देत असे. नंतर ती मागे पडली. मात्र तिचे मर्म दुसऱ्या रूपात टिकले: तृतीय वर्षात एकाच विषयाचे सहा पेपर घेण्याची मुभा होती आणि अशा विद्यार्थ्याचे विषयज्ञान इतरत्रच्या ऑनर्स पदवीधराच्या तोडीचे मानता येई. प्रमाणपत्रावर तो शब्द नसल्याने दिल्ली अथवा परदेशातील प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांना अडचण येत असे.

चार वर्षांच्या पदवीचा देशातील पहिला मोठा प्रयोग दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये केला. तीव्र विरोधानंतर तो जून २०१४ मध्ये मागे घेण्यात आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हीच कल्पना, मध्येच बाहेर पडण्याच्या व परत येण्याच्या सोयीसह, पुन्हा मांडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी अभ्यासक्रम व श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात डॉ. नितीन करमळकर यांच्या अध्यक्षतेखालील सुकाणू समितीच्या शिफारशींनंतर २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने राज्याची रचना ठरली.

रचना

प्रत्येक सत्रात २० ते २२ श्रेयांक असतात. पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ८० ते ८८ श्रेयांकांवर पदविका, तिसऱ्या वर्षानंतर १२० ते १३२ श्रेयांकांवर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर १६० ते १७६ श्रेयांकांवर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास ४ श्रेयांकांचा अतिरिक्त कौशल्य अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यास तीन वर्षांच्या आत परतता येते. संपूर्ण पदवीसाठी कमाल सात वर्षांची मुदत आहे.

पहिल्या तीन वर्षांत मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण (ऑन जॉब ट्रेनिंग) असे अनेक घटक असतात. जुन्या पद्धतीत शिकलेल्या पालकांना ही विभागणी विखुरलेली वाटते व ते काही अंशी खरेही आहे. चौथ्या वर्षी हा पसारा संपतो आणि जवळजवळ सर्व भर मुख्य विषयावर येतो.

राज्याच्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षाचे ४४ श्रेयांक दोन प्रकारे विभागले जातात. साध्या ऑनर्समध्ये मुख्य विषयाचे २८, त्याच विषयातील वैकल्पिक अभ्यासाचे ८, संशोधन पद्धतीचे ४ आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे ४ श्रेयांक असतात. संशोधनासह ऑनर्समध्ये मुख्य विषयाचे श्रेयांक २० इतके कमी होतात, वैकल्पिक ८ व संशोधन पद्धती ४ तेवढेच राहतात आणि संशोधन प्रकल्पास १२ श्रेयांक मिळतात. त्यांपैकी ४ सातव्या सत्रात व ८ आठव्या सत्रात असतात.

हे चौथे वर्ष दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाशी समकक्ष धरले जाते. म्हणून ऑनर्स पदवीधरास पदव्युत्तर पदवीसाठी पुढे एकच वर्ष लागते. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, दोन्ही मार्गांनी एकूण वर्षे पाचच होतात.

पात्रता व विभागाच्या अटी

साध्या ऑनर्ससाठी पहिली सहा सत्रे उत्तीर्ण असणे पुरेसे आहे. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून किमान ७५ टक्के गुण किंवा ७.५ संचयी श्रेणी सरासरी (सीजीपीए) आवश्यक आहे. ही सरासरी सहाही सत्रांची असल्याने प्रथम वर्षातील निष्काळजीपणा तिसऱ्या वर्षी भरून काढणे अवघड जाते. बारावीनंतरचे पहिले वर्ष हलक्याने घेण्याची जुनी सवय या रचनेत महाग पडते.

दुसरी अट विद्यार्थ्याच्या हाती नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार संशोधनासह ऑनर्स चालवणाऱ्या विभागात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायमस्वरूपी अध्यापक हवेत. ग्रंथालय, नियतकालिकांची उपलब्धता, संगणक कक्ष व प्रायोगिक विषयांसाठी सुसज्ज प्रयोगशाळा यांचीही अपेक्षा आहे. ज्या विभागांना पीएच.डी. केंद्र म्हणून आधीच मान्यता आहे, त्यांचा मार्ग सोपा आहे.

येथे 'कायमस्वरूपी' हा शब्द महत्त्वाचा आहे. राज्यभर अनुदानित महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांच्या अनेक जागा दीर्घकाळ रिक्त आहेत व अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर आहे. तासिका तत्त्वावरील शिक्षक पीएच.डी. धारक असला तरी या मोजणीत तो धरला जात नाही. ग्रामीण महाविद्यालयातील एखाद्या विषयाच्या विभागात दोनच मान्य पदे असतील आणि त्यांतील एक निवृत्तीने रिकामे झाले, तर त्या विषयातील संशोधनासह ऑनर्सचा मार्ग तेथे बंद होतो.

जिल्ह्यातील महाविद्यालये

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. २००१ च्या तुलनेत ती घटली होती. दहावी-बारावीच्या परीक्षांत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे मिळून असलेले कोकण विभागीय मंडळ निकालाच्या टक्केवारीत राज्यात सातत्याने पहिले येते. म्हणजे पदवीच्या दारात पोहोचणाऱ्यांचे प्रमाण मोठे, पण एकूण संख्या लहान, अशी येथील स्थिती आहे. त्यातच बारावीनंतर मुंबई-पुण्यास जाण्याची चाकरमानी परंपरा आहे. परिणामी एखाद्या विषयाच्या तृतीय वर्षाचा वर्ग मोजक्या विद्यार्थ्यांचा असू शकतो.

जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांत मालवणचे स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय, सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय, वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालय, कुडाळचे संत राऊळ महाराज महाविद्यालय, कणकवली महाविद्यालय, देवगडचे श्री स. ह. केळकर महाविद्यालय, वैभववाडीचे आनंदीबाई रावराणे महाविद्यालय आणि बांद्याचे गोगटे-वाळके महाविद्यालय यांचा समावेश होतो. विद्यापीठाचे मुख्य परिसर मुंबईत, म्हणजे मालवणपासून सुमारे ५०० किलोमीटरवर आहेत. विद्यापीठाचे एक उपकेंद्र रत्नागिरीस आहे.

लहान वर्गाचा एक लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही. अमेरिकी महाविद्यालये ऑनर्स कार्यक्रमासाठी पंधरा-वीस जणांचा चर्चावर्ग मुद्दाम घडवतात. तो येथे परिस्थितीनेच मिळतो. शिक्षकाला विद्यार्थी नावाने माहीत असतो आणि मार्गदर्शन समोरासमोर होते. अडचण असते ती ग्रंथ, उपकरणे आणि दुसऱ्या मार्गदर्शकाची.

अभ्यासाच्या अपेक्षा

सैद्धांतिक विषयाच्या १ श्रेयांकासाठी १५ तास आणि प्रात्यक्षिक स्वरूपाच्या १ श्रेयांकासाठी ३० तास असे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प ३६० तासांचा होतो: सातव्या सत्रात १२० आणि आठव्यात २४०. आठवड्याला सरासरी आठ ते सोळा तास विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे काम करावे, असा त्याचा अर्थ निघतो. त्याशिवाय मुख्य व वैकल्पिक विषयांचे वर्ग असतातच.

विषय निवडणे हे यातील सर्वांत कठीण काम होय. पदवीच्या विद्यार्थ्याकडून नवा सिद्धान्त अपेक्षित नसतो. मर्यादित प्रश्न घेऊन, आधी झालेले काम वाचून, स्वतः माहिती गोळा करून तिच्यावर तर्कशुद्ध निष्कर्ष काढणे एवढे अपेक्षित असते. 'सिंधुदुर्गातील मासेमारी' हा विषय प्रबंधासाठी निरुपयोगी इतका मोठा आहे. एका गावातील रापणीच्या वाटणीची पद्धत आणि तिच्यात गेल्या काही वर्षांत झालेला बदल, हा विषय ३६० तासांत पेलतो.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्यापुढे पायरीपायरीने कारवाई वाढत जाते. मराठीत लिहिलेल्या प्रबंधाची संगणकीय तपासणी इंग्रजीइतकी नेमकी होत नाही, त्यामुळे मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विषयांत मार्गदर्शकाच्या वाचनावरच अधिक भिस्त राहते.

क्षेत्रकामासाठी परवानगी घेणे हाही अभ्यासाचाच भाग आहे. मालवण सागरी अभयारण्यातून नमुने गोळा करण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली परवानगी लागते. सिंधुदुर्ग किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे व तेथील मोजमाप किंवा खोदकाम विद्यार्थ्याला स्वेच्छेने करता येत नाही. अर्जाला लागणारा वेळ लक्षात घेता हे काम सातव्या सत्राच्या सुरुवातीसच करणे इष्ट असते.

किनारपट्टीचे संशोधनक्षेत्र

मालवण व आसपासचा प्रदेश पदवी स्तरावरील संशोधनास असामान्य अनुकूल आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले; त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ, खडकाळ किनाऱ्यावरील शेवाळे व मृदुकाय प्राणी, कर्ली व आचरा खाड्यांतील कांदळवने हे सर्व महाविद्यालयापासून काही किलोमीटरच्या आत आहे. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत महिला बचत गट कांदळवन सफर चालवतो. निसर्गपर्यटनातून मिळणारे उत्पन्न आणि संवर्धन यांचा संबंध अभ्यासण्यासाठी वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे तयार उदाहरण आहे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी घातलेले निर्बंध आणि पारंपरिक मच्छीमारांशी असलेला त्यांचा संबंध हा राज्यशास्त्र व समाजशास्त्राचा विषय होतो.

डोंगराकडील भागही मागे नाही. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे मायरिस्टिका वृक्षांची दलदल आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळ सापडलेल्या माशाची 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही नवी प्रजाती २०२० मध्ये नोंदली गेली आणि २०२१ मध्ये ते स्थळ जैवविविधता वारसा स्थळ ठरले. वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे आणि काजूच्या 'वेंगुर्ला' मालिकेतील जाती तेथूनच प्रसृत झाल्या.

मानव्यविद्यांसाठी मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे आहेत. कोकणातील कातळशिल्पांच्या गटातून २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. मराठा लष्करी भूदृश्यांच्या १२ किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाची चित्रकथी, सावंतवाडीची गंजिफा, दशावतार आणि मालवणी बोली यांवर नोंदीच्या व शब्दसंग्रहाच्या स्वरूपाचे पुष्कळ काम शिल्लक आहे. बोलीच्या अभ्यासात स्थानिक विद्यार्थ्यास बाहेरच्या संशोधकापेक्षा मोठी सोय असते, कारण त्याला दुभाष्या लागत नाही.

शैक्षणिक वर्ष आणि किनाऱ्यावरील ऋतुचक्र यांचा मेळही लक्षणीय आहे. सातवे सत्र पावसाळ्यात सुरू होते. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीस बंदी असते, समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्यावरची होडी वाहतूक थांबते. हा काळ वाचन, संशोधन पद्धती व परवानग्या यांना सोयीचा पडतो. आठवे सत्र दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते. याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास किनाऱ्यावर येतात, गावोगावच्या जत्रांत दशावतार रंगतो, आंबा-काजूला मोहर येतो व हंगाम सुरू होतो. प्रकल्पाचे ८ श्रेयांक नेमके याच सत्रात असल्याने क्षेत्रकाम व अभ्यासक्रम यांची सांगड सहज बसते. मात्र एक हंगाम हुकला तर दुसरा पदवीनंतरच येतो.

संधी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असलेल्या विद्यार्थ्यास पदव्युत्तर पदवीशिवाय थेट पीएच.डी. प्रवेशास पात्र धरले जाते. राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. जून २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना नेट परीक्षेसही बसता येते. तथापि पीएच.डी.ची पात्रता म्हणजे अध्यापनाची पात्रता नव्हे. २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. परदेशातील ज्या विद्यापीठांत १६ वर्षांच्या शिक्षणाची अट असते, तेथे ऑनर्स पदवीधराचा अर्ज एका पदवीवर ग्राह्य धरला जाऊ शकतो.

पदवी काळातच उपलब्ध होणाऱ्या संधींत विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेचा उल्लेख करावा लागेल. तीत पदवी गटासाठी स्वतंत्र प्रवेश असतो. भारतीय विज्ञान अकादमीसह देशातील तीन विज्ञान अकादमी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) मालवणहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे व सागरी विषयांच्या प्रकल्पासाठी तिचे स्थान सोयीचे आहे. बारावीच्या परीक्षेत मंडळातील वरच्या १ टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शाखा घेणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची इन्स्पायर शिष्यवृत्ती वार्षिक ८०,००० रुपयांची असून, तिचा अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षीच करावा लागतो.

'स्वयम्' या केंद्रीय संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांतून, २०२१ च्या विनियमांनुसार, एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवता येतात. एखाद्या विशेष वैकल्पिक विषयाचा शिक्षक नसलेल्या महाविद्यालयासाठी ही तरतूद उपयुक्त आहे. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होतात व सात वर्षे ग्राह्य राहतात.

तिसऱ्या वर्षी थांबण्याचा प्रश्न

चौथे वर्ष घ्यावे की नाही, याचे उत्तर पुढील उद्दिष्टावर अवलंबून आहे. लोकसेवा आयोगाच्या ज्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते, त्यांना तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. बँक व विमा क्षेत्रातील भरतीचेही तेच. मासेमारी, पर्यटन अथवा बागायतीच्या कौटुंबिक व्यवसायात जाणाऱ्यास चौथ्या वर्षाचा खर्च व वर्षभराची मिळकत यांचा हिशेब करावा लागतो. शिक्षकी पेशाकडे वळणाऱ्यांचे गणित थोडे वेगळे आहे: राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०२५ च्या प्रारूप विनियमांत चार वर्षांच्या पदवीधरांसाठी एक वर्षाचा बी.एड. प्रस्तावित आहे.

पदव्युत्तर पदवी घ्यायचीच असेल तर विद्यार्थ्यापुढे खरा पर्याय असतो तो ठिकाणाचा. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडल्यास दोन वर्षे शहरात काढावी लागतात. चौथे वर्ष घराजवळ झाल्यास एकच. मुंबईतील वसतिगृह अथवा खोलीभाड्याचे एक वर्ष वाचणे ही किनाऱ्यावरील कुटुंबासाठी लहान बाब नाही, आणि जिल्ह्याबाहेर एकट्या मुलीला पाठवण्यास घरचे कचरतात तेथे तर पुढील शिक्षण त्यावरच अवलंबून असते. उलट, ज्या विभागात एकच अध्यापक आहे तेथे केवळ जवळ आहे म्हणून चौथे वर्ष करणाऱ्यास पदवी मिळते, पण तिच्यामागची ग्रंथसामग्री व चर्चा मिळत नाही.

विभागाकडे संशोधनासह ऑनर्सची मान्यता नसल्यास पात्र विद्यार्थ्यापुढे दोन वाटा राहतात: तेथेच उपलब्ध असल्यास साधा ऑनर्स, अथवा श्रेयांक बँकेच्या आधारे चौथ्या वर्षी मान्यताप्राप्त विभाग असलेल्या महाविद्यालयात प्रवेश. दुसऱ्या वाटेसाठी नव्या महाविद्यालयात जागा रिक्त असणे आणि मुख्य विषय जुळणे आवश्यक असते. म्हणून विभागातील मार्गदर्शकांची संख्या व विद्यापीठाची मान्यता यांची चौकशी सहाव्या सत्रापर्यंत न थांबता पदवी प्रवेशाच्या वेळीच, मुख्य विषय निश्चित करण्यापूर्वी, करणे श्रेयस्कर ठरते.